केळीच्या बागेतून जनावर रस्त्यावर येतं तेव्हा

रावेर-यावल पट्ट्यात केळीची बाग थेट डांबराला टेकलेली असते. मध्ये मोकळी जागाच नाही, त्यामुळे रानडुक्कर किंवा नीलगाय दिसते ती दोन उड्यांवर आल्यावरच. अंधार पडला की या रस्त्यांवरून गाडी कशी चालवायची, ते सांगतो.

सगळ्यात आधी वेग. ताशी ८० ने निघालात तर एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढे जाते, आणि पाय ब्रेकवर पडायलाच साधारण एक सेकंद जातो. डिपरच्या उजेडात दिसतं जेमतेम ४० मीटर. म्हणून बागा, नाले आणि जंगलाच्या कडेला ५० च्या आतच राहा. दिवेलागणीला आणि पहाटे जनावरं जास्त हिंडतात, तेव्हा तर नक्कीच.

समोरून गाडी नसेल तर अप्पर लावा आणि नजर रस्त्याच्या दोन्ही कडांवर ठेवा. उजेडात जोडीने चमकणारे ठिपके दिसले की लगेच वेग तोडा. पण नीलगाईच्या बाबतीत डोळ्यांच्या चमकेवर विसंबू नका. ती उंच असते, नराचा रंग राखाडी-निळसर, अंधारात मिसळून जाणारा. एकदा यावलच्या अलीकडे मला आधी दिसले ते फक्त तिच्या पायांवरचे पांढरे पट्टे, तेही अगदी बोनेटजवळ. गाडी चाळीसवर होती म्हणून थांबली.

जनावर समोर आलंच तर स्टिअरिंग घट्ट धरून सरळ रेषेत ब्रेक दाबा. झटक्याने वळवू नका. डुकराला चुकवायला जाऊन गाडी झाडावर किंवा समोरच्या ट्रकवर गेली, तर माणसं जातात. थांबल्यावर डिपर करा. प्रखर उजेडात जनावर बावचळून तिथेच उभं राहतं. हॉर्न एकदाच, थोडका. आणि एक गेलं म्हणून लगेच गिअर टाकू नका. डुकरीण पुढे गेली की पिल्लं मागून रांगेने येतात, नीलगाईही कळपाने असतात. दहा-पंधरा सेकंद थांबा.

मोटारसायकलवाल्यांना कळकळीची विनंती: रात्री शेतात पाणी द्यायला जाताना हेल्मेट घालाच. शंभर किलोचं डुक्कर चाकात आलं तर दुसरा आधार काही नाही.

चाळीसगावहून कन्नड घाट चढताना माकडांना केळी, बिस्किटं टाकू नका. गौताळा अभयारण्यातली ती माकडं या सवयीनेच रस्त्यावर बसतात आणि चाकाखाली येतात.

धडक झालीच तर गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा. जखमी जनावराजवळ जाऊ नका. बिबट्या असेल तर काचा वर करून आतच बसा. वनविभागाला १९२६ वर फोन करा, माणूस जखमी असेल तर आधी १०८. मेलेलं डुक्कर उचलून नेणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. फोन करताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. वनरक्षकाला जागा लगेच सापडते.