टोपीआधी पलटण ओळखा : लष्करी शिरोवस्त्रांचा संग्रह सुरू करणाऱ्या पुणेकरांसाठी

जुनी लष्करी टोपी हातात आली की बहुतेक जण "ही किती जुनी असेल?" असे विचारतात. माझ्या मते त्याआधी "ही कोणत्या पलटणीची?" हा प्रश्न विचारायला हवा, कारण पलटण ओळखू आली की काळ बहुधा त्यातूनच उलगडतो. पलटण ओळखता आली नाही, तर कपाट भरूनही हाती नुसते कापड, बूच आणि पितळ राहते. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी एकच पलटण किंवा रिसाला (घोडदळाची तुकडी) निवडावा आणि त्याचा इतिहास, निदान नावे आणि क्रमांक कसे बदलत गेले एवढा तरी, वहीत उतरवून काढावा.

पुण्यात राहणाऱ्याला निवड करणे अवघड नाही. 1817 साली दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या तहातून उभा राहिलेला पूना हॉर्स हा रिसाला आपल्या शहराचे नाव आजही बाळगून आहे. खडकीला बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलाचे, ठाणे आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला असले तरी तिचे जवान पिढ्यान्‌पिढ्या पुणे, सातारा, कोल्हापूर आणि कोकणातून भरती होत आले आहेत, त्यामुळे तिच्या वस्तू आणि आठवणी आपल्या आसपासच्या घरांतच सापडतात. मी मराठा पलटणींपासून सुरुवात केली, म्हणून पुढची उदाहरणे तिथलीच घेतो.

टोपीवरच्या बिल्ल्यावरील क्रमांक हा सर्वांत मोलाचा पुरावा असतो, पण तो वाचायला शिकावे लागते. 1903 साली सरसेनापती किचनेरच्या फेररचनेत मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवण्यात आले. 3 ची 103 झाली, 5 ची 105 झाली, 10 ची 110 आणि 17 ची 117 झाली. मग 1922 साली या पलटणी एकत्र करून 5 वी मराठा लाइट इन्फन्ट्री ही रेजिमेंट उभारण्यात आली. तीत 103 ही पहिली बटालियन ठरली आणि 105 दुसरी. 1945 मध्ये रेजिमेंटच्या नावातील 5 हा आकडाही गळाला. याचा अर्थ असा की 105 हा आकडा असलेला बिल्ला 1903 ते 1922 या एकोणीस वर्षांतलाच असू शकतो. नुसता 5 हा आकडा मात्र फसवा आहे. तो 1903 पूर्वीच्या मुंबईच्या पाचव्या पलटणीचा असू शकतो, म्हणजे 1840 साली बलुचिस्तानातील काहूनचा किल्ला वेढ्यात राहून लढवणाऱ्या 'काळी पाचवी'चा. किंवा 1922 नंतरच्या संपूर्ण रेजिमेंटचाही असू शकतो. दोन्हींत पिढ्यांचे अंतर आहे आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्पेलिंगही पाहावे. ब्रिटिश काळातील बिल्ल्यांवर 'मराठा' हा शब्द इंग्रजीत एच आणि दोन टी घालून लिहिलेला असे. आजचे स्पेलिंग स्वातंत्र्यानंतरचे आहे.

क्रमांकानंतर मुकुट पाहावा. 1901 ते 1952 या काळात राज्य करणाऱ्या राजांच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर गोलाकार चढतात. व्हिक्टोरिया राणीच्या आणि एलिझाबेथ राणीच्या मुकुटांच्या कमानी मात्र मध्यभागी खाली दबलेल्या दिसतात, आणि नवख्या डोळ्याला त्या दोन्ही सारख्याच वाटतात. भारत 26 जानेवारी 1950 रोजी प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, म्हणून एलिझाबेथचा मुकुट असलेला भारतीय पलटणीचा बिल्ला खरा असण्याची शक्यताच नाही. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी 105 आकड्याचा, वर मुकुट असलेला एक बिल्ला बऱ्यापैकी किंमत देऊन घेतला. घरी आल्यावर खिडकीच्या उजेडात भिंग धरले तेव्हा मुकुटाच्या कमानी मध्ये दबलेल्या दिसल्या. 105 हा आकडा 1903 मध्ये आला, व्हिक्टोरिया राणी 1901 मध्येच निवर्तली होती आणि एलिझाबेथ गादीवर आली तेव्हा 105 अस्तित्वात नव्हती. मुकुट आणि आकडा एकमेकांना खोटे पाडत होते, आणि मी दोन्ही पाहिले होते पण एकत्र वाचले नव्हते. तेव्हापासून आकडा, मुकुट आणि घडण या तिन्ही गोष्टी एकाच काळाकडे बोट दाखवत नसतील, तर मी वस्तू खाली ठेवतो.

त्याच बिल्ल्याची मागची बाजूही बोलकी होती. खरे बिल्ले बहुधा पत्र्यावर ठसा मारून घडवलेले असत, त्यामुळे समोर जे उठावदार दिसते ते मागे पोकळ दिसते आणि कडा धारदार राहतात. नकली बिल्ले बहुधा साच्यात ओतलेले असतात. त्यांची पाठ सपाट किंवा वाळूसारखी खरखरीत असते, बारीक रेषा वितळल्यासारख्या बोथट होतात आणि वजन थोडे जास्त भरते. ओतकामात हवेचे बुडबुडे राहून पडलेली सुईच्या टोकाएवढी छिद्रेही भिंगातून दिसतात.

टोपी स्वतः तपासताना आतून सुरुवात करावी. घामपट्टीवर माणसाच्या कपाळाचा डाग असतो, शिवण एका बाजूला जास्त झिजलेली असते, क्वचित शाईने लिहिलेले नाव किंवा क्रमांक मिळतो. सरकारी मालावर बाणाचा ठसा असतो: कॅनडाचा बाण सी अक्षराच्या आत, दक्षिण आफ्रिकेचा यू अक्षराच्या आत. सोला हॅट उचलताच हलकी लागते, कारण ती शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या भेंडापासून बनते. बुचाची हेल्मेट टिचकी मारल्यावर टणक वाजते. माथ्यावरच्या हवेच्या छिद्रातून डोकावले की आतले थर दिसतात, आणि भेंड की बूच हे कापड न उसवता कळते. शिवणीवर अतिनील टॉर्चचा उजेड टाकून पाहावा. निळसर पांढरा चमकणारा धागा बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा असतो. मात्र टोपी कधीतरी आधुनिक साबणाने धुतली गेली असेल तर जुना धागाही चमकतो, म्हणून केवळ या एका चाचणीवर निकाल देऊ नये.

पोलादी हेल्मेटांत ब्रिटिश ताटली आकाराची हेल्मेट आपल्याकडे सर्वाधिक दिसते. तिचा आराखडा जॉन ब्रोडी याने 1915 मध्ये मांडला. दुसऱ्या महायुद्धातील आवृत्तीत अस्तर माथ्यावरील एका स्क्रूने बसवलेले असते. कडेवर मुद्दाम पाडलेली लहान छिद्रे दिसली तर ते पोलाद लष्करी दर्जाचे नव्हते, ती हेल्मेट नागरी संरक्षण दलासाठी होती असे समजावे. तीही जपण्याजोगी वस्तू आहे, पण रणांगणावरची म्हणून तिची किंमत देऊ नये.

संस्थानी फौजांच्या टोप्या हा वेगळा आणि दुर्लक्षित विषय आहे. कोल्हापूरच्या राजाराम रायफल्ससारख्या पलटणी पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामील झाल्या. त्यांच्या बिल्ल्यांवर संस्थानाची चिन्हे असत, त्यामुळे नेहमीचा मुकुटाचा निकष तिथे लावू नये. संस्थानी नसले तरी महार रेजिमेंटचे उदाहरणही मनात ठेवावे. 1941 मध्ये ती उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर भीमेकाठचा कोरेगावचा स्तंभ होता, आणि नंतर त्याच्या जागी खंजीर आला. स्तंभ असलेला बिल्ला म्हणूनच आधीचा.

वस्तू कुठे शोधायच्या? मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फिरावे, मात्र तिथे बिल्ले मिळतात ते टोपीपासून सुटलेले, आणि सुटलेला बिल्ला कोणत्याही टोपीवर लावून विकता येतो. त्याहून चांगला मार्ग माजी सैनिकांच्या घरांतून जातो. तिथे टोपीची चौकशी आधी करू नये. आजोबा कोणत्या पलटणीत होते, कुठे लढले, डिस्चार्ज बुक आहे का, फोटो आहे का, हे विचारावे आणि कागदांचे फोटो परवानगीने घ्यावेत. पहिल्या महायुद्धात पुण्याच्या 6 व्या डिव्हिजनबरोबर 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेल्या आणि कुत या गावाच्या वेढ्यात अडकल्या; 29 एप्रिल 1916 रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. ज्या घरातून माणूस गेला आणि परतलाच नाही, त्या घरात त्याची एक टोपी उरली असेल तर ती विकत मागणे मला योग्य वाटत नाही. तिचा फोटो, माप आणि घरच्यांनी सांगितलेली हकिकत एवढे संग्रहाला पुरेसे आहे. गावोगावी चावडीजवळ 1914 ते 1919 च्या युद्धात गेलेल्या माणसांची संख्या सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या आहेत, त्याही टिपून ठेवाव्यात. ब्रिटिश पलटणींची चिन्हे पडताळायला खडकीच्या युद्धस्मशानभूमीतील थडगी उपयोगी पडतात, आणि घोरपडीच्या दक्षिण कमांड युद्धस्मारकाच्या संग्रहालयातही एक फेरी मारावी.

कायद्याचे एक भान ठेवावे. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. आजच्या सैन्याचा गणवेश चढवून सैनिक असल्याचा आव आणणे हा गुन्हा आहे, तेव्हा चालू काळातील टोप्या कपाटातच राहू द्याव्यात.

आता जपणूक. पुण्याचा पावसाळा हा संग्रहाचा मोठा शत्रू. दमट हवेत भेंड मऊ होऊन बसते, चामड्यावर बुरशी येते आणि लोकरीला कसर लागते. टोपी खुंटीला टांगू नये, कारण तिचा भार एका बिंदूवर येऊन माथा खचतो. आतून धुतलेल्या, बिनखळीच्या मलमलीचे बोळे भरून ती खोक्यात ठेवावी, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या दर पंधरवड्याला बदलाव्यात. लोकरी बेरेला (मऊ, चपट्या टोपीला) कसर दिसली तर ती हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवावी आणि बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर तशीच बंद ठेवावी. पितळ चकचकीत करण्याचा मोह टाळावा. पॉलिशने मुलामा आणि शंभर वर्षांचा काळवंडलेला थर दोन्ही जातात, शिवाय पॉलिशची पांढरी भुकटी कापडात अडकून बसते. हनुवटीच्या चामडी पट्ट्याला तेल चोळू नये.

बांधलेली पगडी कधीही उलगडू नये. आतल्या टोकदार टोपीभोवतीचे (तिला कुल्ला म्हणतात) वळसे किती, शेव कोणत्या बाजूला, टाचणी कुठे, हेच त्या पलटणीच्या बांधणीचे लेखी नसलेले नियम आहेत, आणि एकदा सुटलेली घडी पुन्हा तशी बसत नाही. साफ करायचीच असेल तर व्हॅक्युम क्लिनरच्या तोंडाला जाळी बांधून, मऊ कुंचल्याने धूळ त्याकडे सारत न्यावी, आणि त्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून वहीत नोंद करावी: कुणाकडून आली, कधी आली, सोबत काय सांगितले गेले, आणि त्यातले काय पडताळून पाहिले.