होल्डची पुस्तकं रॅकवरून काढताना या चुका टाळा

मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत काउंटरला असते मी, आमच्याकडे कोहा आहे, म्हणजे लायब्ररी चालवायचं सॉफ्टवेअर. पोरं ओपॅकवर (लायब्ररीच्या ऑनलाइन कॅटलॉगवर) बघतात की पुस्तक अव्हेलेबल आहे, होल्ड टाकतात म्हणजे ते राखून ठेवायला सांगतात, आपण ते रॅकवरून काढून त्यांच्या नावाने बाजूला ठेवायचं, बस एवढंच काम, तरी दर टर्मला नवीन ट्रेनी आला की तोच घोळ.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे पुस्तक काढलं, चिठ्ठी लावली, होल्डच्या शेल्फवर ठेवलं आणि चेक-इन (पुस्तक परत आल्यावर करतो ती रिटर्नची नोंद) केलंच नाही. "मॅडम, पुस्तक इश्यूच झालं नव्हतं, मग रिटर्न कसं मारू?" हे प्रत्येक जण विचारतो. प्रश्न चुकीचा नाही, पण पुस्तक आपल्या हातात आलंय हे कोहाला कळणार कसं? चेक-इनला बारकोड मारला की होल्ड कन्फर्म करायची खिडकी उघडते, तिथे कन्फर्म केलं की होल्ड 'वेटिंग' होतो आणि पोराला जाणारा मेल तेव्हाच रांगेत लागतो.

मागच्या वर्षी एका ट्रेनीने शनिवारी ११ पुस्तकं काढली, रबरबँडने चिठ्ठ्या लावून एकदम नीट मांडली, आणि चेक-इन एकाचंही नाही. सोमवारी सकाळी दुसऱ्याने कोहातून होल्डसाठी काढायच्या पुस्तकांची लिस्ट काढली तर तीच ११ परत आली (येणारच!), तो रॅकवर गेला, एकही सापडलं नाही, आणि या पठ्ठ्याने कोणाला न विचारता सगळी 'मिसिंग' करून टाकली. दुपारी थर्ड इयरचा एक मुलगा आला, बदलापूरवरून येतो, हीट ट्रान्सफरचं पुस्तक हवं होतं, परीक्षा दोन दिवसांवर. मेल आलाच नाही म्हणाला. स्क्रीनवर मिसिंग बघून मी त्याला सांगून मोकळी झाले की नाहीये रे, आणि तो गेल्यावर मागे वळले तर पुस्तक माझ्या पाठीमागे, दोन हातांवर, कण्यावरची सेलोटेप निघालेली म्हणून लगेच ओळखलं. जिन्यापर्यंत धावले, तोवर तो गेटबाहेर.

तेव्हापासून माझा नियम, आधी बारकोड, मग चिठ्ठी. दहा पुस्तकं गोळा करून एकदम मारू असं म्हणणाऱ्याला मी स्कॅनरला हात लावू देत नाही.

दुसरं, सापडलं नाही की लगेच मिसिंग किंवा कॅन्सल. अरे, शोधा तरी! निम्म्या वेळा कॉल नंबरच (पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणारा नंबर) चुकीचा वाचलेला असतो. ६२१.४०२२ हे ६२१.४२ च्या आधी येतं, पॉइंटनंतर एकेक आकडा बघायचा, पण नवीन मुलं 'चार हजार बावीस' वाचतात आणि पार पुढच्या रॅकवर शोधत बसतात. तिथे नसेल तर रीडिंग हॉलची टेबलं, झेरॉक्स मशीन, परत लावायची ट्रॉली आणि रॅकची मागची फट. परीक्षेच्या दिवसांत हुशार पोरं पुस्तक मुद्दाम मराठी कादंबऱ्यांच्या मागे दडवतात, तेही बघा. मी तीन वेळा वेगवेगळ्या माणसांना पाठवते, मगच मिसिंग करते.

आणि होल्ड ठरावीक कॉपीवर अडकलेला असेल तर तो 'नेक्स्ट अव्हेलेबल' करा, दुसरी कॉपी शेजारीच उभी असते.

तिसरं, होल्ड शेल्फ साफ न करणं. उचलायची मुदत मुळात ७ दिवसांची असते, पण आपोआप कॅन्सल व्हायचं सेटिंग चालू नसेल तर पुस्तकं तिथेच धूळ खातात. मुदतीतून सुट्ट्या वगळायचंही सेटिंग आहे, गणपतीच्या आधी तपासा.

होल्ड्स क्यूची, म्हणजे काढायच्या पुस्तकांची, लिस्ट मूळ सेटिंगमध्ये तासातून एकदाच बनते, त्यामुळे दर पाच मिनिटांनी रिफ्रेश मारून काही होत नाही.

शेवटचं म्हणजे कंटाळून 'ऑन शेल्फ होल्ड', म्हणजे रॅकवर असलेल्या पुस्तकावर होल्ड टाकायची सोय, बंदच करून टाकणं. "रॅकवर आहे ना, स्वतः येऊन घे" हे दादरला राहणाऱ्याला ठीक आहे, पण इव्हिनिंग बॅचवाला ऑफिसातून लोकलला लटकत साडेसातला पोचतो आणि आमचं काउंटर आठला बंद. त्याने रॅक कधी धुंडाळायचे? मी आमच्याकडे ते सगळ्यांना चालू ठेवलंय, लिस्ट सकाळी साडेनऊला आणि दुपारी तीनला काढते. तीनची चहाच्या आधी, कारण चहानंतर कोणी स्टॅकमध्ये (रॅकच्या भागात) जात नाही.