हौशी प्रेमकथेपासून छापील कादंबरीपर्यंत

गोव्यात मराठीतून लिहिणाऱ्यांची कधीच वानवा नव्हती. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या, ग्रंथालयांच्या कथास्पर्धा आणि गावोगावच्या कालोत्सवांत होणारी हौशी नाटके यांतून लेखणीला वळण लागलेली माणसे प्रत्येक तालुक्यात भेटतात. तरीही वर्षानुवर्षे प्रेमकथा लिहिणाऱ्यांपैकी थोड्यांचेच पुस्तक निघते, आणि निघालेल्यांपैकी काहींचे, माझ्या पहिल्या पुस्तकाप्रमाणे, घराच्या माळ्यावरच मुक्काम करते. एका प्रकाशकाने पाचशे प्रतींचा संपूर्ण खर्च माझ्याकडून घेतला, वितरणाचे आश्वासन तोंडी दिले आणि मे महिन्याच्या अखेरीस चारशे प्रतींची खोकी माझ्या फोंड्याच्या घरी आणून उतरवली. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान काढण्यासाठी माळ्यावर चढले तेव्हा अर्ध्या प्रतींना बुरशी आली होती आणि उरलेल्यांत वाळवी शिरली होती. पुढे जे लिहीत आहे ते बहुतांशी त्या पावसाळ्याने शिकवलेले आहे.

सर्वप्रथम बाड पूर्ण करावे. हे सांगण्याची गरज वाटू नये, परंतु हौशी लेखकाकडे बहुधा सुरेख पहिली तीन प्रकरणे असतात आणि चौथे नसते. आणि प्रकाशकाला नवख्या लेखकाच्या तीन प्रकरणांवरून काहीही ठरवता येत नाही. लांबीचा अंदाज आधी बांधून ठेवावा. डेमी आकाराच्या पानावर साधारण २८० ते ३०० शब्द बसतात आणि सोळा पानांचा एक फर्मा होतो, म्हणजे ५०,००० शब्दांची कादंबरी सुमारे १७६ पानांत, अकरा फर्म्यांत आटोपते. इंग्रजीत लोकप्रिय प्रेमकथांच्या मालिका चालवणाऱ्या मिल्स अँड बून या १९०८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या प्रकाशनसंस्थेच्या अनेक कादंबऱ्याही याच लांबीच्या असतात. रोज ५०० शब्द लिहिल्यास पहिला खर्डा शंभर दिवसांत हाती येतो. मात्र जत्रा, चवथ आणि घरची लग्ने धरून सहा महिने राखून ठेवावेत.

लिहिण्यापूर्वी आपण वाचकाला कोणत्या कथेचा शब्द देत आहोत हे स्वतःशी ठरवणे अगत्याचे आहे. अमेरिकेतील प्रणयकथालेखकांच्या संघटनेच्या व्याख्येनुसार अशा कथेच्या केंद्रस्थानी प्रेम असावे आणि तिचा शेवट समाधान देणारा व आशादायी असावा. मराठी वाचकाला शोकान्त प्रेमकथाही प्रिय असल्यामुळे आपल्याकडे ही व्याख्या जशीच्या तशी लागू पडत नाही. परंतु मीलनाची अपेक्षा दोनशे पाने वाढवत नेऊन शेवटी नायकाला अपघातात मारणे ही वाचकाची फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शोकान्त करायचा असल्यास त्याची चाहूल पहिल्या चतुर्थांशातच लागली पाहिजे.

नायक-नायिकेच्या आड येणारी अडचण खरी असावी. गैरसमजावर बेतलेली कथा मोबाईलच्या काळात टिकत नाही, कारण वाचक विचारतो की तिने त्याला एक फोन का केला नाही. या बाबतीत गोव्याचा लेखक भाग्यवान आहे. १९७५ च्या मुंडकार कायद्यानंतरही भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) यांच्या घरांमध्ये रेंगाळलेला संकोच, वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर नोकरी करणारा तरुण, पोर्तुगीज पासपोर्टवर परदेशी जाण्याची तयारी करणारे घर, अशा अडचणी येथे उंबऱ्यावर बसलेल्या आहेत. त्यांतही मला सर्वांत मोलाची वाटते ती आपल्याकडची विवाहनोंदणीची पद्धत. पहिली सही झाल्यावर आक्षेपांसाठी नोटीस लागते आणि दुसऱ्या सहीनंतरच नोंदणी पुरी होते. या दोन सह्यांमधले दिवस, ज्यांत माणसे धड अविवाहितही नसतात आणि धड विवाहितही नसतात, म्हणजे एका अख्ख्या कादंबरीची सामग्री आहे. मात्र असे तपशील नोंदणी कार्यालयात जाऊन खात्रीने विचारून घ्यावेत, कारण येथल्या वाचकाने ते स्वतः अनुभवलेले असतात आणि चूक त्याच्या पहिल्याच वाचनात ध्यानात येते.

दुसऱ्या खर्ड्यात खरे काम होते. माझ्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होते: ‘तिच्या मनात त्याच्याविषयी एक अनामिक ओढ निर्माण झाली.’ कथेतील नायिका शिक्षिका असून रोज रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाते. दुसऱ्या खर्ड्यात ते वाक्य काढले आणि असे लिहिले: ‘तो धक्क्यावर दिसला नाही म्हणून तिने एक फेरी जाऊ दिली. शाळेत पोहोचल्यावर फेरीबोट बिघडली होती असे तिने ठोकून दिले. मुख्याध्यापिका चष्मा पुसत म्हणाल्या, “होय का? मी त्याच बोटीने आले.”’ ‘ओढ’ हा शब्द गेला आणि ओढ आली, शिवाय एक खोटे उघडकीस आल्यामुळे पुढच्या प्रसंगाची सोयही झाली. संपूर्ण बाडात ओढ, हुरहुर, शहारा, अनामिक आणि विरह हे शब्द लाल शाईने अधोरेखित करावेत आणि प्रत्येक ठिकाणी पात्राने नेमके काय केले हे स्वतःला विचारावे. निम्म्याहून अधिक जागी तो शब्द आपोआप गळून पडतो.

संवादांच्या भाषेचा प्रश्न आपल्याला वेगळ्या प्रकारे छळतो. आपली पात्रे घरी कोंकणी बोलतात आणि आपण मराठीत लिहितो. आजीने नातीला ‘तू कुठे गेली होतीस?’ असे विचारले तर ते पुण्यातले घर वाटते, आणि पानभर कोंकणी लिहिली तर नाशिकचा वाचक पुस्तक मिटतो. मी निवेदन प्रमाण मराठीत ठेवते आणि संवादात ‘खंय गेल्लें गो?’ एवढेच येऊ देते. पुढच्या उत्तरावरून अर्थ उलगडत असल्यास तळटीप लागत नाही. बाड युनिकोडमध्ये टंकित करावे, मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार एकदा तपासावे आणि मुद्रितशोधन दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावे.

कादंबरीआधी दोन-तीन कथा छापून आलेल्या असल्यास प्रकाशकाला लिहिण्याच्या पत्राला वजन येते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नव्या कथाकारासाठी दिवाळी अंक हे सर्वांत मोकळे दार राहिले आहे. साहित्य बहुधा जून-जुलैतच मागवले जाते, तेव्हा दिवाळीची आठवण दसऱ्याला होऊन उपयोग नाही. पूर्वप्रसिद्ध साहित्य स्वीकारले जाणार नाही, ही अटही नीट वाचावी, कारण प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन मंचावर टाकलेली कथासुद्धा बहुतेक संपादक प्रसिद्ध झालेलीच मानतात.

प्रकाशक शोधण्यासाठी पणजीला पाटो येथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एक दिवस घालवावा. १८३२ पासूनची परंपरा असलेल्या या ग्रंथालयात नव्या मराठी कादंबऱ्यांच्या कपाटापाशी उभे राहून गेल्या दोन-तीन वर्षांतील प्रेमकथा कोणी छापल्या आहेत, हे पुस्तकाच्या आतील पानावरून टिपून घ्यावे. मराठीत अशा कादंबऱ्या बहुधा सामाजिक किंवा कौटुंबिक म्हणून मांडल्या जातात, तेव्हा मुखपृष्ठापेक्षा मलपृष्ठावरील मजकूर पाहावा. निवडलेल्या प्रकाशकांना एका पानाचे पत्र, शेवटासह संपूर्ण कथासार आणि पहिली तीन प्रकरणे पाठवावीत. शेवट ‘गुप्त’ ठेवणाऱ्या लेखकाविषयी संपादकाला कुतूहल वाटत नाही, वैताग येतो.

होकार आल्यानंतर आनंदाच्या भरात सही करण्याचा मोह होतो, आणि मी ठेचकाळले ती येथेच. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार लिहिता क्षणीच हक्क लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो, आणि घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे काही म्हटलेले नसल्यास, तो परत लेखकाकडे येतो. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ हे शब्द दिसल्यास थांबावे आणि मुद्रित पुस्तक, ई-पुस्तक, श्राव्य रूप, चित्रपट व भाषांतर यांचे हक्क वेगवेगळे लिहून मागावेत. कोंकणी भाषांतराचा हक्क तर गोव्याच्या लेखकाने सहजासहजी सोडू नये.

मानधनाची टक्केवारी कशावर मोजली जाणार, हेही पाहावे. २५० रुपये किमतीच्या पुस्तकावर छापील किमतीच्या दहा टक्के म्हणजे प्रतीमागे २५ रुपये होतात. परंतु विक्रेत्याची ४० टक्के सवलत वजा जाता उरलेल्या १५० रुपयांवर दहा टक्के धरले तर १५ रुपयेच पडतात. पाचशे प्रतींमागे हा फरक ५,००० रुपयांचा आहे. आणि छपाईचा खर्च लेखकाकडूनच घेतला जात असेल, तर तो व्यवहार प्रकाशनाचा नसून छपाईच्या सेवेचा आहे, हे ओळखून दर तसाच ठरवावा. वितरण कोणत्या गावांत, कोणत्या दुकानांत आणि किती प्रतींचे होणार, हे कागदावर घ्यावे.

स्वतःच पुस्तक काढायचे ठरवल्यास वाट तितकीशी अवघड नाही. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून विनामूल्य मिळतो. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक प्रकाशित करता येते. मात्र भारतातील विक्रीवर ७० टक्के वाटा हवा असल्यास सिलेक्ट योजनेत नाव घालावे लागते आणि तेथे ९० दिवस ती कथा डिजिटल रूपात दुसरीकडे ठेवता येत नाही. छापील प्रती निघाल्यावर तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवणे १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. डिजिटल छपाईत शंभर-दोनशे प्रतींचीही आवृत्ती निघते. माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या मी दोनशेच काढल्या आणि त्याही सप्टेंबर सरल्यावर.

टोपणनावाविषयी मला नेहमी विचारले जाते, विशेषतः शिक्षिकांकडून. टोपणनाव खुशाल घ्यावे, परंतु करार खऱ्या नावानेच करावा आणि टोपणनावाचा उल्लेख त्यातच लिहून घ्यावा. राहता राहिला गुपिताचा प्रश्न. माझ्या नायिकेची मुख्याध्यापिका कोणावरून घेतली आहे, हे आमच्या वाड्यावर प्रकाशनाच्या आधीच ठाऊक झाले होते, आणि पहिली प्रत विकत घेतली ती त्याच बाईंनी.