एकच नाट्यपद, तीन गळे : तुलना करायची तर नीट करा

नाट्यपदांची तुलना करायला बसलं की कुणीतरी हमखास सांगतं, 'डोळे मिटा, मनाला भिडेल ते खरं.' हा सल्ला कानाआड करा. मनाला भिडतं ते बहुधा आपण पहिल्यांदा ऐकलेलं असतं, एवढंच.

आधी चाल एकच आहे ना, ते बघा. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) मधलं 'घेई छंद मकरंद' दोन चालींत आहे, एक सालगवराळी रागात आणि दुसरी धानी रागात. एकीला दुसरीसमोर ठेवून गायकांना गुण दिलेत, तर ते गुण रागांना पडतात.

सगळ्या ध्वनिमुद्रणांचा आवाज सारखा ठेवा. मोठ्यानं वाजणारं उगाचच सरस वाटतं.

आता खरी अडचण, जिथे मी स्वतः कित्येक वर्षं फसलो. बालगंधर्वांचं 'नाथ हा माझा' तबकडीवर ऐकून मी बेधडक म्हणायचो, 'यात विस्तारच नाही.' विस्तार कुठून असणार? तबकडीच्या एका बाजूला सुमारे ३ मिनिटं मावायची. तेच पद मैफलीत १५ मिनिटं गाणाऱ्याशी मी त्यांची गाठ घालत होतो. रंगमंचावर 'वन्स मोअर' घेत रंगणारं पद तर तबकडीत उतरलेलंच नाही.

त्यात वेगाची भानगड. जुन्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झाल्या असतील याची खात्री नसते. वेग सुमारे ६ टक्के वाढला की पट्टी, म्हणजे गायकाचा आधारसूर, अर्ध्या स्वरानं चढते, लयही तेवढीच पळते. तंबोऱ्याचं ॲप लावून पट्टी तपासा. ती दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी बसत असेल, तर त्या गायकाच्या लयीबद्दल आणि आवाजाच्या चढाबद्दल तोंड उघडू नका.

मी आता एकच करतो. मुखडा (पदाची सुरुवातीची ओळ), पहिला अंतरा (त्यानंतरचं कडवं) आणि परत समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणं, एवढाच तुकडा प्रत्येकाचा घेतो. ताना, म्हणजे झरझर घेतलेल्या स्वरांच्या माळा, पूर्ण बाद. तान मोजून पद जोखणाऱ्यांशी मी वाद घालणंही सोडलंय. पद पात्राच्या तोंडी असतं. 'स्वयंवर' मधली रुक्मिणी 'माझा' म्हणते, तेव्हा त्या शब्दात तिचा हक्क ऐकू येतो, की नुसता यमन राग? श्वास शब्द तोडून घेतलाय का? मुखड्याकडे परतताना शब्दाचा भाव दर वेळी थोडा बदलतो, की तीच हरकत, सुरांची तीच छोटी नक्षी, पुन्हा वाजते? एका वेळी एकच प्रश्न घेऊन तिन्ही तुकडे ऐका. तिन्ही प्रश्न एकदम घेतलेत की आवडता गायकच जिंकतो.

जे सापडेल ते मिनिट-सेकंदासकट टिपून ठेवा. 'काय जागा घेतलीय', म्हणजे काय सुंदर सुरावट घेतलीय, असं लिहू नका. कोणत्या शब्दावर घेतली, ते लिहा.

आणि मग ताना ऐका, हव्या तेवढ्या.