वनस्पतिजन्य आहार घेताय, पण गुण येत नाही? या चुका टाळा

मांस, अंडी, दूध सोडून दोन-तीन महिने झाले की बऱ्याच जणांची तक्रार ठरलेली असते. एवढं सगळं सोडलं, तरी अंगात त्राण नाही आणि पोट सारखं फुगलेलं! अशा वेळी मी आधी एवढंच विचारते, की जे सोडलं त्याच्या जागी ताटात काय आलं? बहुतेक वेळा उत्तर येतं: बटाटा, ब्रेड, पास्ता, पांढरा भात.

इथेच गाडी अडते. या आहाराचे फायदे खरे आहेत, पण ते देणारे पदार्थ पोटात गेले तरच. ओट्स, राजमा, सफरचंद यांतले विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्लांना (पित्तातल्या, चरबी पचवणाऱ्या आम्लांना) धरून ठेवतात आणि शौचावाटे बाहेर नेतात. मग नवीन पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल खेचून घेतं आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उतरतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू हेच तंतू आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. वेफर्स आणि गोड बिस्किटं वनस्पतिजन्य असली तरी त्यांच्याकडून ही कामं होत नाहीत. खोबरेल तेलात तर ८० टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी असते, त्यामुळे लोण्याऐवजी तेच सढळ हाताने वापरलं तर एलडीएल खाली येण्याची आशा धरू नका.

बी१२ जीवनसत्त्वाकडे दुर्लक्ष

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती मी स्वतः केली आहे. पहिली दोन वर्षं मला काहीच जाणवलं नाही. तिसऱ्या वर्षी पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, त्याही रात्री अंथरुणावर पडल्यावर. चप्पल घट्ट झाली असेल म्हणून चप्पल बदलली, थकव्याचं खापर झोपेवर फोडलं. शेवटी रक्त तपासलं तेव्हा बी१२ तळाला गेलं होतं. इंजेक्शनं सुरू केल्यावरही मुंग्या पूर्ण जायला कित्येक महिने लागले.

हे इतकं उशिरा का कळतं? यकृतात बी१२ चा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो. शिवाय भाज्या-डाळींतून फोलेट हे ब गटातलंच दुसरं जीवनसत्त्व भरपूर मिळतं. त्यामुळे बी१२ कमी असूनही रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालू राहते. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून निर्धास्त राहू नका.

हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, झाडं नाही. स्पिरुलिनात ते भरपूर असतं असं ठामपणे सांगणारे भेटतील, पण त्यात मुख्यतः बी१२ सारखं दिसणारं आणि आपल्या शरीराला निरुपयोगी असलेलं संयुग असतं. प्रौढांची गरज दिवसाला फक्त २.४ मायक्रोग्रॅम. मग गोळ्या ५०० किंवा १००० मायक्रोग्रॅमच्या का? पोटातलं वाहक प्रथिन एका वेळी दोनेक मायक्रोग्रॅमच शोषू देतं आणि उरलेल्यातला जेमतेम एक टक्का आपोआप झिरपतो. त्यामुळे थोडं रोज घ्या किंवा मोठा डोस आठवड्याला, पण घ्याच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी रोजची गोळी चालू असेल तर शोषण आणखी कमी होतं, तेव्हा तपासणी पुढे ढकलू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी तर यात अजिबात हयगय करू नये. आईकडे साठा नसेल तर बाळाला मिळणार कुठून?

पोट फुगतं म्हणून कडधान्यं बंद

काल दहा ग्रॅम तंतू आणि आज चाळीस, असं केलं तर पोट तक्रार करणारच. कडधान्यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा पचवणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यापासून वायू बनवतात. यावर उपाय म्हणजे कडधान्य रात्रभर भिजवायचं, वर फेस आलेलं ते गढूळ पाणी फेकून द्यायचं आणि नव्या पाण्यात बोटाने सहज चिरडेल इतकं मऊ शिजवायचं. सुरुवात दोन चमच्यांनी, तीही सोललेल्या डाळींनी करा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. पाणीही वाढवा, नाहीतर बद्धकोष्ठता होते. राजमा मात्र कधीही अर्धाकच्चा खाऊ नका. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही, खळखळून उकळावंच लागतं. नाहीतर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात.

प्रथिनांचा अंदाज चुकतो

वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम हा हिशेब धरा. साठ किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम झाले. शंभर ग्रॅम शिजलेल्या मसुरात ९ ग्रॅम प्रथिनं असतात, पण पातळ आमटीच्या वाटीत बरंचसं पाणीच असतं. दर जेवणात डाळ, टोफू, सोयाबीन, हरभरा यांपैकी काहीतरी घट्ट आणि पोटभर हवं. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी धान्यांत लायसिन कमी आणि कडधान्यांत मेथिओनिन कमी, म्हणून दोन्ही खावीत. एकाच घासात असायची गरज नाही, दिवसभरात आली तरी पुरे.

लोह आणि कॅल्शियम ताटात असतं, अंगी लागत नाही

जेवणासोबत चहा-कॉफी घेतली की त्यातली टॅनिनं वनस्पतींतलं लोह अडवतात. तासभर थांबा. उलट त्याच जेवणात लिंबू, संत्रं किंवा कच्ची ढोबळी मिरची असेल तर क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढतं. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी लोह अडवणारं फायटेट कमी होतं, त्याचाही उपयोग होतो. पालकावर कॅल्शियमसाठी भिस्त ठेवू नका, कारण त्यातलं ऑक्झलेट ते बांधून ठेवतं आणि जेमतेम पाच टक्के शरीरात जातं. ब्रोकोली, केल ही पालेभाजी, कॅल्शियम घालून केलेला टोफू हे कितीतरी बरे.

काही लहान गोष्टी राहिल्या. सैंधव किंवा साधं समुद्री मीठ वापरत असाल तर आयोडीन कुठून येतं ते बघा. जवस अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडतात, दळूनच घ्या. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर हिरव्या पालेभाज्या अचानक वाढवू नका, त्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम घटतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमबद्दल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आहार बदलू नका.

आणि सोया किंवा बदामाच्या दुधाचा खोका घेतलात तर त्यावरचे आकडे वाचा. बदामाच्या दुधात कपभर घेऊनही बहुधा एखादाच ग्रॅम प्रथिन असतं, सोयाच्या दुधात सातच्या आसपास. त्यात मिसळलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. न हलवता ओतत राहिलात तर ते शेवटी रिकाम्या खोक्यासोबत कचऱ्यात जातं, म्हणून प्रत्येक वेळी ओतण्याआधी खोका चांगला हलवा.