गाडी बसलीये? स्प्रिंगचं काम काढताना या चुका टाळा

जुनी गाडी मागून बसायला लागली, चार माणसं बसली की टायर मडगार्डला घासतोय, की लगेच आजूबाजूचे सगळे सांगतात शॉकअप गेले. मग नवीन शॉकअप पडतात, पैसे जातात आणि गाडी होती तेवढीच खाली! अहो साध्या शॉकअपचं काम गाडी उचलून धरायचं नाहीचे, स्प्रिंगची उसळी आवरायची एवढंच, वजन सगळं स्प्रिंग पेलते. शॉकअप गेला की गाडी झुलत राहते, तेल गळतं, पण गाडी खाली बसत नाही.

म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी टेप घ्या. सपाट जागा, चारही टायरमध्ये नीट हवा, डिकी रिकामी, आणि मोजायचं ते चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या काठापर्यंत, जमिनीपासून नाही, कारण टायर झिजलेला असला तर तो आकडा फसवतो. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी उंच दिसते, तेव्हा आधी थोडी पुढेमागे करा, चारही कोपरे दाबून सोडा, मग मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून बघा. मागची उजवी स्प्रिंग बसली की पुढचा डावा कोपरा वर आल्यासारखा दिसतो, आणि लोक पुढचीच स्प्रिंग बदलून मोकळे होतात. मागचा भाग बरोबर मधोमध जॅकवर घ्या, पुढचा तिरकेपणा गेला तर दोष मागे आहे.

एकच बाजू अचानक खाली आली असेल तर स्प्रिंग बसलेली नसून तुटलेली असण्याची शक्यता जास्त. सगळ्यात खालचा वेढा स्प्रिंग टेकायच्या वाटीत बसतो, तिथे पाणी-चिखल साचून गंज धरतो आणि टोकाचा तुकडा मोडतो. वरवर बघून कळत नाही, टॉर्च मारून वाटीत बघायचं.

वेढ्यांमध्ये रबरी बफर घालणं हा सगळ्यांचा लाडका जुगाड. गाडी वर येते, खरंय, पण तेवढे वेढे काम करायचे थांबतात, बाकीच्यांवर ताण येतो आणि गाडी दणके द्यायला लागते. आधीच थकलेल्या स्प्रिंगला हे करू नका. आणि कुणी स्प्रिंग तापवून ओढून देतो म्हणाला तर हात जोडा आणि निघा, स्टीलचं टेंपरच, म्हणजे लवून परत मूळ आकारात यायची ताकदच, गेली तर ती परत बसणार किंवा मोडणार.

एकच स्प्रिंग बदलू नका, पुढच्या दोन्ही किंवा मागच्या दोन्ही. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा बऱ्याचदा वेगळ्या असतात, नुसतं मॉडेलचं नाव सांगून आणू नका. स्प्रिंग दाबून धरायच्या अवजाराशिवाय, म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय, स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या जोडणीचा) वरचा नट खोलायचा विचारही नको, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतेल.

फिटिंग झाल्यावरची चूक तर चांगले चांगले मेकॅनिक करतात. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळताहेत आणि तशातच आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे, बोल्ट गच्च आवळायचे. त्यांच्या सांध्यातला रबरी बुश त्याच स्थितीत अडकतो, गाडी खाली आली की पिळला जातो आणि लवकरच फाटतो. शिवाय तो पिळलेला बुश गाडीला वर ढकलतो त्यामुळे उंचीही खोटी दिसते. बोल्ट आधी हाताने लावून ठेवा, चाकांवर वजन आलं की मगच फायनल टाइट करा.

पाट्याच्या गाडीत, म्हणजे वेढ्यांच्या स्प्रिंगऐवजी एकावर एक ठेवलेल्या स्टीलच्या पट्ट्या असतात तिथे, पाट्यांना परत कमान देता येते, पण तडा गेलेली पट्टी बदलायचीच, आणि थोडी गाडी चालवून झाल्यावर पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट परत आवळायचे.

शेवटी चाकांची अलाइनमेंट करून घ्या, हेडलाइटची उंचीही बघा, मागून गाडी वर आली की झोत खाली पडतो. मागच्या ब्रेकला लोडप्रमाणे प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह असेल, मागच्या अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला असतो तो, तर मूळ उंचीच्या वर गाडी नेऊ नका, कारण व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि डिकी भरलेली असली तरी मागचे ब्रेक कमीच लागतात.