नाताळच्या भेटी: आधी माप, मग खरेदी

गरजू मुलांसाठी नाताळच्या भेटी घेऊन निघणाऱ्यांचा कोकणात पहिला घोळ होतो तो पत्त्याचा. रायगडातल्या कातकरी वाड्यांवर दिवाळीनंतर निम्म्या घरांना कड्या असतात. कुटुंबं वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला गेलेली असतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे नाताळात वाडीवर गेलात तर म्हातारीकोतारी माणसं भेटतील, मुलं भट्टीवर असतील. रत्नागिरी-देवगडकडे आंब्याच्या बागा राखायला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं बागेतच राहतात, तीही कुणाच्या यादीत नसतात. बालगृहातली मुलं मात्र हमखास जागेवर सापडतात आणि म्हणूनच सगळ्यांच्या भेटी तिथेच जाऊन पडतात. एकेकाकडे चार कंपासपेट्या होतात, पायात मात्र तुटकी चप्पल. तेव्हा नोव्हेंबर संपायच्या आत ठिकाण पक्कं करा. अंगणवाडी सेविका, आशाताई, जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी किंवा चर्चचे फादर यांना कोणतं कुटुंब कुठे गेलंय ते ठाऊक असतं. बालगृहात जायचं असेल तर अधीक्षकांना आधी विचारा: यंदा आणखी कोण येणार आहे, आणि काय आणू नये?

मग यादी. नाव, वय, उंची, छातीचं माप, पायाचं माप आणि भावंडं किती, एवढे रकाने पुरेत. वयावर कपडे घेऊ नका. भट्टीवरचं आठ वर्षांचं मूल अंगाने सहा वर्षांचं असू शकतं. पायासाठी मुलाला कागदावर उभं करा (बसवून घेतलेलं माप कमी भरतं), पेन्सिल सरळ धरून दोन्ही पायांची रेघ मारा, मोठ्या पायाची लांबी धरा आणि त्यात १ ते दीड सेंटिमीटर मिळवा. कागदावर नाव लिहा आणि तो कागदच दुकानात घेऊन जा, कारण प्रत्येक कंपनीचे नंबर वेगळे असतात. बूट नकोत. समुद्राकाठच्या दमट हवेत ते ओले झाले की लवकर वाळत नाहीत आणि लेस-मोजे कोण सांभाळणार? मागे पट्टा असलेली प्लॅस्टिकची किंवा रबरी सँडल मातीत, चिखलात आणि शाळेतही चालते.

जाड लोकरी स्वेटर हा दुसरा नेहमीचा फसलेला खर्च. किनाऱ्यावर दुपारी घाम येतो, पहाटे मात्र दव पडतं आणि भट्टीवरच्या झोपडीला धड दार नसतं. तिथे पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट आणि दोघांत एक सोलापुरी चादर खरी कामाला येते.

माणशी तीन वस्तू ठेवा: एक अंगावरची, एक शाळेची, एक निव्वळ खेळायची. तिसरी गाळू नका. गरिबाच्या मुलाला फक्त उपयोगाचंच द्यायचं, हा हिशोब मोठ्यांचा. खेळण्यावर आयएसआय खूण पाहून घ्या, १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारं, दिवे लागणारं काहीही नको. असा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते आणि भट्टीपासून मोठा दवाखाना लांब असतो. तीन वर्षांखालच्या मुलांना मणी, गोट्या, सुटी चाकं देऊ नका. खेळणं मोठ्या भावाचं असलं तरी ते धाकट्याच्या तोंडात जाणारच. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी भातुकली आणि भोवरे टिकाऊ असतात, पण भातुकलीतली भांडी इवलीशी असतात, म्हणून ती पाच वर्षांपुढच्यांनाच द्या. प्लॅस्टिकची बॅट आणि टेनिसचे तीन चेंडू असा एक संच दहा मुलांत पुरतो. चेंडू तीन, कारण पहिला पहिल्याच दिवशी हरवतो.

फराळ द्यायचा तर कुलकुल, म्हणजे नाताळातले शंखासारखे वळलेले गोड तळणीचे तुकडे, सगळ्यांत सोयीचे. नीट तळून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरले तर आठवडाभर सहज कुरकुरीत राहतात. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, पण ओल्या नारळाचं सारण दुसऱ्या दिवशीच आंबायला लागतं. सुकं खोबरं वापरा. केक न्यायचा असेल तर साधा, वर क्रीम नसलेला. बालगृहात बाहेरचं खाणं चालतं का, हे आधी विचारायचं.

चकचकीत कागदात बांधू नका. दमट हवेत चिकटपट्टी सुटते आणि तो कागद नंतर भट्टीभर उडतो. मांजरपाटाची नाडीची पिशवी शिवून घ्या, नाव कापडी पट्टीवर लिहून टाका मारा. तीच पुढे दप्तर होते. चाळीस मुलं असतील तर पंचेचाळीस पिशव्या करा. वाटपाच्या वेळी पाहुणी मुलं उभी राहतातच, आणि रिकाम्या हाताने परतलेलं एक मूल सगळ्या दिवसाचा विचका करतं. भावंडांच्या पिशव्या सारख्याच फुगलेल्या दिसू द्या.

वाटप २५ तारखेला नको. २२ किंवा २३ला, संध्याकाळी काम थांबल्यावर जा. भट्टीवर मालकाची परवानगी लागते. त्याच वेळी मुकादमाला चारचौघांत सांगा की ही भेट आहे, कुणाच्या उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीत, धरायची नाही. पिशव्या आईबापांच्या हाती द्या आणि मुलांना त्यांनीच देऊ दे. त्याने घरातल्या माणसांचा मान राहतो आणि रांगही लागत नाही. सांताक्लॉजचा वेष हवा असेल तर तुमचा तुम्ही ठरवा, पण दाढीवाल्याला बघून दोन वर्षांची पोरं भोकाड पसरतात. भेटीबरोबर धर्माची पत्रकं, पक्षाचे झेंडे, दात्याच्या नावाचे फलक काही नको.

फोटोंचं विशेष सांभाळा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. देणगीदारांना हिशोब दाखवायचा तर पिशव्यांच्या ढिगाचा आणि बिलांचा फोटो पुरे. वस्तुरूप देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा.

सँडलच्या दुकानदाराशी खरेदीच्या वेळीच बोला: बिल जपून ठेवू, न वापरलेले जोड १० जानेवारीपर्यंत बदलून द्या. चाळीसात चार-पाच मापं चुकतातच. ती गोळा करायला पहिल्याच आठवड्यात पुन्हा जायचं.